सांताच्या आधी संकासुर

पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"नाताळाला शेजारची बारा मुलं घरी बोलावलीत. गोष्टीतलं पात्र होऊन यायचं, केक खायचा. एवढंच ठरलं होतं गो!"

"मग बिघडलं काय?"

"सासरे! जन्मभर दशावतारात नाचले ना. म्हणतात, आधी संकासुर नाचल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही."

"सांताक्लॉजच्या आधी तो काळ्या डगल्यातला राक्षस?"

"मुलंही फितूर झाली. सगळ्यांना आता संकासुरच व्हायचंय. बारा काळे डगले कोण शिवणार?"

"सरळ नको म्हणून सांग त्यांना."

"कसं सांगू? सासूबाई गेल्यापासून काल पहिल्यांदा त्यांनी वेषाची पेटी उघडली."

"मग आता?"

"आता काय, ऊठ! म्हापसा आलं. काळं कापड घ्यायचंय."