एकानंच जायचं

आमच्या मेजरसाहेबांचं विचारलंत ना, मग चहा राहू द्या, ऐका. बॉम्बपाशी एकानंच जायचं, असा आमचा नियम. एकदा साहेब पुलाखाली गेले आणि वायरलेस बंद पडला. मला राहवेना, गेलो मागोमाग. त्यांनी मानही वळवली नाही. "आलास त्याच पावलांवर पाय ठेवत मागं फिर."

बॉम्ब निकामी करून वर आले आणि मला लय झापलं. "दोघंही गेलो, तर नाशिकला माझ्या आईला सांगणार कोण?"

पुढच्या खेपेला वायरलेस बंद पडला, तेव्हा मी जागचा हललो नाय. मग स्फोटच ऐकला.

नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात साहेबांच्या आई निशिगंधाच्या जुड्या बांधत होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "तू कुठं होतास रे?"

म्हटलं, "तुम्हाला सांगायला मागं थांबलो होतो, आई."