गोठवू नये

—अहो नाही, नाही, ती इंजेक्शनाची बाटली अशी बर्फाला चिकटवून ठेवू नका. मधे रुमाल घाला. हां. तुम्हीही बदलापूरहून? म्हणजे एवढ्या लांब कॅम्प पाचच्या या दवाखान्यात यायचं एकेका इंजेक्शनासाठी. लेक सोनोग्राफीला गेलीय का? माझी सून आत आहे, डॉक्टरांकडे. शलाका. मुलगाही आहे, समीर — आहे म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसला असेल. बोलायचं काम त्याने कधी अंगावर घेतलेलं नाही.

डॉक्टर हुशार हो इथले, चित्र काढून समजावतात. म्हणे अंडाशयात पेशींचे दोन थर. बाहेरच्या पेशी मेंदूकडून आलेलं एक हार्मोन ऐकतात आणि बनवतात काय — पुरुषी हार्मोन! बाईच्या पोटात! मग आतल्या पेशी, त्या दुसरं ऐकतात, एफएसएच, आणि त्या पुरुषी मालाचं बायकी हार्मोन करतात, तेव्हा कुठे बीज वाढतं. म्हटलं, डॉक्टर, यात नवीन काय — बाहेरून पिशवी आणून आपटायची एकाने, निवडून चिरून शिजवायचं दुसऱ्याने, आमच्याकडे चाळीस वर्षं हेच चाललंय. हसले. शलाका नाही हसली. तिला विनोद कळत नाही.

तर ते एफएसएच इंजेक्शनने द्यायचं, रोज संध्याकाळी सातला, दहा दिवस. पोटात स्वतःच टोचून घ्यायची — मी दाराशी उभी राहायचे, आत नाही जायचे. आणि शेवटी सोनोग्राफीत काय, तर काही नाही. दोनदा हो! रिपोर्ट चांगले, वय एकतीस, तरी पेशी ढिम्म. प्रतिसादच देत नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे असं कोणाला नव्हतं. म्हणजे — सहज म्हटलं. दोन-तीनदा.

आता आत सहीचा कागद चाललाय. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं. घेतात हल्ली, त्यात काय. काल पोळ्या लाटता लाटता म्हणाली, आई, माझ्यातच खोट आहे, मला माफ करा. आणि मी केलं हो! पाठीवरून हातसुद्धा फिरवला — केवढं ते मोठं मन!

काय? बर्फाचं मला कसं माहीत? — त्या खोक्यात कागद असतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा. तो मी वाचला. परवा, रद्दीत टाकताना. आमच्याकडे दर शुक्रवारी दुरुस्तीला दिवसभर वीज बंद, आणि दोन्ही वेळा इंजेक्शनं गुरुवारीच घरी आलेली, सुरू शनिवारपासून. खराब व्हायला नकोत म्हणून मी सगळी आदल्या रात्रीच वर ठेवली, बर्फाच्या कप्प्यात, कोळंबीशेजारी. दगड झाली होती. शुक्रवारी ती ऑफिसातून यायच्या आत पुन्हा खाली, जागच्या जागी — तिला कशाला सांगायचं, दमून येते बिचारी. कागदावर लिहिलंय, गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. म्हणजे त्या पेशींपर्यंत काही पोचलंच नाही, ऐकणार काय — पाणी टोचत होती हो पोर, वीस दिवस — आणि मी दाराशी उभी.

असं बघू नका माझ्याकडे. सांगणारच आहे. सकाळी रिक्षात सांगणार होते, समीर होता. आता उठतेच, सहीच्या आधी जाऊन सरळ —

शलाका. झाली गं सही? … बरं. … बसा हो तुम्ही, उठता कशाला. … कोण, या? छे, ओळख कुठली. चल.