रोज परत येणारा व्हिडिओ

बॅकअप म्हणजे काय, ते मला खरं आईने शिकवलं बघा. बाबा गेल्यावर तिच्या दहिवलीच्या आणि माझ्या नेरळच्या कॉम्प्युटरवर मी एक कमांड लावली. एकीकडे नसलेले फोटो-व्हिडिओ ती कमांड रोज पहाटे दुसरीकडून आणायची.

एकदा आईचा फोन आला. "तुज्या बाबांचा दवाखान्यातला व्हिडिओ मी रोज पुसते, आनि सकाळी परत हजर!"

मी खुशीत म्हटलं, "तेच तर! आता काही हरवणारच नाही."

आई म्हणाली, "हरवायचा नाय रं मला. तुज्याकडं ऱ्हाऊ दे. पन रोज सकाळी मला त्यांना तसं बघायला लावू नको."

कमांडमधून तेवढा एक व्हिडिओ वगळला. आता तो फक्त माझ्याकडे आहे. उघडत मीही नाही.