पारगडची म्हातारी

तुम्हाला सांगतो, त्रेपन्न साली मी आणि माझा मित्र बापू, पाठीवर पिशव्या टाकून चंदगडच्या रानातले धबधबे बघत पारगडावर चढलो. पावसानं पार भिजलो होतो. एका म्हातारीनं घरात घेऊन चुलीपाशी बसवलं.

"शिवाजीमहाराजांनी आमच्या वाडवडलांना गड राखायला ठेवलं, तवापासनं आम्ही हितंच," ती म्हणाली. "थोरला लेक तापला. खाली दवाखान्यात नेताना वाटंतच गेला."

बापू कळवळला. "मग आजी, खाली ऱ्हायला जावा की! आता महाराज न्हाईत, लढाया न्हाईत."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "व्हय. पर गड सोडा म्हणून महाराजांनी कुठं सांगितलंय?"

बापू उठून तिच्या पाया पडला, त्याच्या मागोमाग मी.