आजोबांचा चांदीचा करदोटा

बेलापूरला मी एक्स-रे काढायचो तेव्हा करावे गावचे एक आजोबा आले. होडीतून उतरताना आपटलेले, कमरेचं हाड मोडल्याचा संशय. मी म्हटलं, "बाबा, करदोटा काढा."

"त्यो मेल्यावरच काडतान," आजोबा म्हणाले आणि विषय संपला.

चांगला जाड चांदीचा करदोटा होता. मी तसाच एक्स-रे काढला, तर हाडाला जिथे तडा असायचा नेमकं तिथेच साखळीची पांढरीफटक रेघ. डॉक्टर खवळले. "मी काय दागिने बघायला बसलोय? सरकव वर."

वर सरकवणार कुठे? वर भलंमोठं पोट, खाली मोडकं हाड. बरं, आजोबा हात लावू देईनात, वर टेबलावर चुळबुळ चालूच. मी घामाघूम. शेवटी बाहेर बसलेल्या आजींना आत बोलावलं आणि अडचण सांगितली.

आजींनी एका झटक्यात करदोट्याचा आकडा उचकटला आणि करदोटा कनवटीला खोचला. आजोबा बोंबलले, "आगं, मेल्यावर काडतान तो."

"मंग मेलाव आसा समजा, नि गप पडून ऱ्हा."

आजोबांनी खरंच डोळे मिटले. चुळबुळ एकदम बंद. इतका स्थिर पेशंट मला नोकरीत परत मिळाला नाही. एक्स-रे काचेसारखा स्वच्छ आला.

"झालं, बाबा," मी म्हटलं.

डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी बायकोला विचारलं, "आता जिता होऊ का?"

आजी म्हणाल्या, "घाई काय हाय? पयला फोटो बगू."