हिरोचा आवाज

घशाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, दादा एकटाच आत गेला?"

"हो. नळी बदलायचीय. मला बाहेरच थांब म्हणून खूण केली."

"स्वरयंत्र काढल्याला वर्ष होईल आता. त्याचा आवाज आठवेनासा झालाय मला."

"माझ्याकडे आहे की. त्या व्हिडिओ गेममध्ये."

"जुन्या मारधाडीच्या सिनेमांची टिंगल केलेला? यंत्रमानव, उडत्या तबकड्या?"

"तोच. त्यातल्या हिरोला आवाज यांनीच दिलाय. तेव्हा नाटकात कामं करायचे ना, तिथले लोक हसतील म्हणून नाव लावू दिलं नव्हतं."

"आणि तू खेळतेस?"

"मला कुठला जमतोय! पण हिरो मेला, की दर वेळी म्हणतो, 'एवढंसं खरचटलंय गं, चहा ठेव, आलोच!' तेवढ्यासाठी मुद्दाम मरते मी. यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक ठेवते."

"त्याला कळलं तर?"

"कळलं ना काल. मागे येऊन उभे होते. मी घाईघाईनं बंद करायला गेले."

"चिडला?"

"नाही गं. शेजारी बसले. माझ्या हातातला रिमोट घेतला, आवाज मोठा केला, आणि हिरोला सरळ तबकडीच्या तोफेसमोर नेऊन उभं केलं. पुन्हा पुन्हा."