विद्येची शपथ

महिपती : ...तर म्हणून आलो, बाई. शाळेतले गुरुजी बोलतात, तुमच्या सखूच्या डोक्यात अक्षर शिरत नाय. तुमी पोरांना फुकट वाचायला शिकवता. माज्या नातीलाबी बसवा.

वृंदा : उभे का? बसा ना.

महिपती : कशावर बसू?

वृंदा : ते पोतं आहे की. कातकरी वाडीवरची मुलं त्याच्यावरच बसतात. चालत नसेल तर उभे राहा.

महिपती : चालतंय. बसतो.

वृंदा : वर्ष होत आलं, नाही का? तेव्हा माझा वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरायचा. तुम्ही देवळाचे पंच. वाडीवरची मुलं आत बसली म्हणून त्यांच्या पाट्या तुम्ही स्वतःच्या हातानं पायऱ्यांवर फेकल्यात. वर मला काय म्हणालात, आठवतं?

महिपती : झालं गेलं, बाई.

वृंदा : तुमचं झालं गेलं. माझं नाही. "नवरा अंबरनाथला कारखान्यात जातो, हिला घरात काम नाही, म्हणून देऊळ बाटवत फिरते." भर गावासमोर म्हणालात. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली होती, आणि माझ्या बाजूनं एक माणूस बोलला नाही. फुटक्या पाट्यांचे तुकडे मी पदरात गोळा करून आणले. मुलं अजून त्यावरच लिहितात, ते बघा कोपऱ्यात. त्याच दिवशी मनाशी म्हटलं, या माणसाला एकदा माझ्या दारात हात जोडायला लावीन.

महिपती : हे घ्या, जोडले. माजी लेक बाळंतपणात गेली, तिच्यामागं ही येवढीच. जावई माजा, आनंदा, तो बोलतो, पोर मंद हाय, तिला देशावर बहिणीकडं धाडतो, गुरं तरी राखील. रविवारी न्यायला येतोय. त्याच्यापुढं तिनं चार ओळी वाचल्या तर ठेवील माज्याकडं. नायतर मी आन् भिंती.

वृंदा : मग माझ्या अटी ऐका. वर्ग परत सभामंडपात भरेल. वाडीवरची मुलं पुढच्या रांगेत बसतील.

महिपती : बाकीचे पंच ऐकायचे नायत.

वृंदा : देशावर गुरं पुष्कळ आहेत म्हणतात.

महिपती : ...ऐकवीन त्यांना.

वृंदा : दुसरं. माझ्याकडं आईबाप पाळीपाळीनं वर्गाची जागा झाडतात, शेणानं सारवतात. तुमची पाळी शनिवारी. मारुतीचा वार. गाव दर्शनाला आलेलं असताना सारवायचं.

महिपती : मी? पुरुषमाणसानं? गड्याला धाडतो की.

वृंदा : गडी नको. ज्या हातांनी पाट्या फेकल्या तेच हात हवेत मला.

महिपती : बरं. सारवीन. अजून काय ते बोला.

वृंदा : काही नाही. जीव थंड झाला माझा. आता खरं सांगते तुम्हाला. सखूला वाचता येतं.

महिपती : कोणाला?

वृंदा : तुमच्या नातीला. दुपारी तुम्ही आडवे झालात की ती इकडं यायची. कुंपणापलीकडं उभी राहून ऐकायची, मीच आत घेतलं. याच पोत्यावर बसून शिकली. श्रावणापासून घडाघडा वाचते. मी तिला विद्येची शपथ घातली. म्हटलं, घरी नाही, शाळेत नाही, इथल्याबाहेर एक अक्षर वाचायचं नाही. मी 'सुटली' म्हणेपर्यंत शपथ मोडलीस, तर आलेली सगळी अक्षरं निघून जातील. ती मुकी राहिली की तुम्ही येणार, हे मला माहीत होतं. आलात.



महिपती : श्रावणापासून बोललात?

वृंदा : हो. का?

महिपती : गौरी गेल्या न् दुसऱ्या दिवशी मी तिला डोंगरापल्याडच्या भगताकडं नेली. तो बोलला, कुणीतरी पोरीची जीभ बांधलीय. बिब्बा तापवून मानेवर डाग दिला. मीच धरून बसलो होतो तिला, पाय झाडत होती. तो पुस्तक तोंडाशी नेऊन बोले, वाच. ती रडं, पन तोंड उघडं ना. मग परत डाग. मला वाटलं, खरंच पोरीत काय नाय.

वृंदा : मला कुणी सांगितलं नाही. ती मधे आली नाही, मला वाटलं तापबीप आला असेल.

महिपती : तापच आला. मी त्या भगताला शिव्या घातल्या, खोटारडा बोललो. तो खोटं नव्हता बोलत, बाई. जीभ बांधलेलीच होती.

वृंदा : कुठं आहे ती?

महिपती : ती काय, जास्वंदीखाली उभी. सखू, आत ये गं.

वृंदा : ये बाळ. मान बघू. हे फडकं जरा... अगं, मला सांगायचं नाहीस का?

सखू : आता नाय दुखत, बाई.

वृंदा : महिपतीबाबा, त्या अटी राहू द्या. शनिवारचं सारवण राहू द्या. काहीच नको मला.

महिपती : नाय. शनिवारी मी सारवनार, अख्ख्या गावापुढं सारवनार. माज्या हातांचं मी निस्तरीन. तुमचं तुमी बघा. तुमच्या अटी तुमाला आता सुटायच्या नायत.

वृंदा : सखू, हे तुझं पुस्तक. कालचंच पान. आजोबांना वाचून दाखव.

सखू : नाय.

वृंदा : मी सांगतेय ना तुला. कोणी काही करणार नाही.

सखू : मंग अक्षरं जातील.

वृंदा : नाही जायची गं. वाच.

सखू : आधी 'सुटली' म्हणा, बाई.